मायक्रोवेव्ह अस्त्रांना हवेचीच लक्ष्मणरेषा

ड्रोनच्या थव्यांचा मुकाबला करण्यासाठी शक्तिशाली मायक्रोवेव्ह स्पंदांचा वापर करण्याच्या प्रयत्नांना जगभर वेग आला आहे. मे २०२५ मध्ये ८ आणि ९ तारखांच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याची माहिती भारतीय लष्कराने दिली होती. अशा स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे खर्च करणे कोणत्याही देशाला फार काळ परवडणारे नाही.

मायक्रोवेव्ह स्पंद ड्रोनमधील इलेक्ट्रॉनिक मंडले निकामी करतो आणि एकाच वेळी अनेक लक्ष्ये टिपू शकतो. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०२३ मध्ये ‘थॉर’ या यंत्रणेची ड्रोनच्या थव्यावर चाचणी घेतली. ब्रिटनने २०२५ मध्ये अशाच यंत्रणेची चाचणी घेतली, तेव्हा एका माऱ्याचा खर्च अवघा १० पेन्स आणि पल्ला १ किलोमीटरपर्यंत असल्याचे तेथील सरकारने सांगितले.

मग शक्ती वाढवून हा पल्ला हवा तेवढा का वाढवता येत नाही? याचे उत्तर हवेच्या गुणधर्मात आहे. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश होते. त्यामुळे दूरच्या लक्ष्यासाठी उगमाची शक्ती अनेक पटींनी वाढवावी लागते. मात्र समुद्रसपाटीजवळ विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या, म्हणजेच शक्ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० लाख वॉटच्या पुढे गेली, की हवेतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मुक्त करतात. हवा आयनीभूत होते आणि ती लहरींना शोषू किंवा परतवू लागते. स्पंदाचा अग्रभाग पुढे निसटतो, पण त्यानेच निर्माण केलेल्या आयनीभूत हवेत मागचा भाग अडकतो. ज्या शक्तीवर भिस्त ठेवायची, तीच स्वतःची वाट अडवते.

यातून सुटण्याचे मार्ग आहेत. स्पंद काही नॅनोसेकंदांइतका अल्पजीवी ठेवल्यास आयनीभवनाला पुरेसा अवधी मिळत नाही. अँटेना मोठी केल्यास तिच्या मुखापाशी तीव्रता विभागली जाते. मात्र छोट्या स्पंदात एकूण ऊर्जा कमी असते आणि मोठी अँटेना हलवणे अवघड जाते. उंचावरील विरळ हवेत तर ही मर्यादा आणखी खाली येते.

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कालि-५०००’ या इलेक्ट्रॉन त्वरकाविषयी, तो दूरवरची क्षेपणास्त्रे निष्प्रभ करू शकेल, अशा चर्चा अधूनमधून रंगतात. त्वरकाची प्रचंड शक्ती आणि हवेतून लक्ष्यापर्यंत पोहोचणारी शक्ती यांतील फरक अशा चर्चांमध्ये दुर्लक्षित राहतो.

जवळच्या ड्रोनविरुद्ध हे तंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र संरक्षणावरील खर्चाचे निर्णय घेताना केवळ मेगावॉटचे आकडे पुरेसे नाहीत. स्पंदाचा कालावधी, अँटेनाचा आकार आणि लक्ष्याचे अंतर या तिन्हींचा हिशेब मांडल्यावरच कोणत्याही दाव्याचे खरे मोल कळू शकेल.