पिठोरीनंतरची पहिली सिगारेट

 दिव्यांच्या अमावास्येच्या रात्री शेवटची सिगारेट ओढून, दुसऱ्या दिवसापासून श्रावणभर तिच्याकडे न पाहण्याचा नेम धरणारे गृहस्थ आपल्याकडे गावोगावी आढळतात. मद्यमांसाबरोबर धूम्रपानही वर्ज्य मानण्याची त्यांची ही रीत कोणा वैद्याने घालून दिलेली नाही, की कोणत्या सरकारी फर्मानाने लादलेली नाही. आणि तरीही एरवी दिवसाला पाकीट संपवणारा मनुष्य देव्हाऱ्याच्या साक्षीने ती महिनाभर इतक्या निष्ठेने पाळतो की, ‘काही केल्या सुटत नाही हो’ हे त्याचे उरलेल्या अकरा महिन्यांचे गाऱ्हाणे ऐकलेल्याने चकित व्हावे. हाच मनुष्य पिठोरी अमावास्या उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीपुढे उभा राहतो. त्या एका रात्रीत असे काय घडते, याचा विचार व्यसनमुक्तीची चर्चा करणाऱ्यांनी जितका करावयास हवा होता तितका केलेला नाही, असे माझे मत आहे.

निकोटीनची देहावर सत्ता किती आणि ती केव्हा ओसरते, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. धुराबरोबर आत गेलेले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदू त्याला असा सरावतो की, सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर आले की नव्याची मागणी सुरू होते. ती मागणी नाकारली तर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात: चिडचिड, झोपमोड, वाचलेले ध्यानात न राहणे, एकसारखी भूक, आणि पोट साफ न होण्याची ती तक्रार, जिच्यापायी ‘सकाळची एक तरी हवीच’ असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. दुसऱ्या आठवड्यापासून हा ताण उतरू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांच्या बाबतीत तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो. याचा अर्थ असा की, ज्याने श्रावण पाळला त्याने देहाचे देणे फेडलेले असते, आणि ज्या सकाळी तो टपरीकडे वळतो त्या सकाळी त्याच्या शरीराची मागणी वर्षभरातील कोणत्याही दिवसापेक्षा क्षीण असते.

मग तो का वळतो? त्याच्या नेमाला मुदत होती, आणि मुदत सरताच परवानगी आपोआप मंजूर झाली, एवढेच त्याचे कारण. सिगारेटकडे परत जाणे हे तलफेपेक्षा परवानगीचे काम आहे, हे मला या लेखात आग्रहाने मांडावयाचे आहे. तलफ येते तशी काही मिनिटांत जातेही. घोटभर पाणी प्यावे, दारापर्यंत चालून यावे, तोवर तिचा जोर सरतो. परंतु मनाने एकदा दिलेली सवलत अशी सरत नाही, ती खिशात पडून राहते आणि योग्य प्रसंगाची वाट पाहते. शिवाय ही सवलत मनुष्य व्याकूळ असताना मागितली जात नाही. सहा महिने सुखाने गेलेले असतात, जिना चढताना दम लागेनासा झालेला असतो, जेवणाला चव आलेली असते, आणि नेमक्या त्या समाधानाच्या घडीला मन म्हणते की आता ही गोष्ट आपल्या ताब्यात आहे, एखादी ओढली तर काय बिघडते! ज्याला सोडून वर्ष झाले त्याने तलफेच्या क्षणापेक्षा या आत्मविश्वासाच्या क्षणाला अधिक भ्यावे.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे आहे. आमच्या परिचयातील अण्णा नावाच्या एका वयस्क गृहस्थांनी बिडी सोडून तीन वर्षे लोटली होती. त्यांचे धाकटे बंधू वारले. स्मशानात अग्नी दिल्यानंतर, कवटी फुटण्याची वाट पाहत मंडळी लिंबाच्या पारावर बसली. जसे सर्वत्र होते तसे बंडल निघाले, काडेपेटी या हातातून त्या हातात गेली, आणि लहानपणापासून बरोबर वाढलेल्या एका सोबत्याने स्वतः शिलगावलेली बिडी, एक शब्दही न बोलता, त्यांच्या बोटांत ठेवली. त्यांनी ती मागितली नव्हती, पण परतही केली नाही. देणाऱ्याच्या मनात निखळ माया होती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. दुःखी माणसाला देण्याजोगे त्याच्याजवळ तेवढेच होते. तेराव्यापर्यंत अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात बंडल पुन्हा दिसू लागले होते.

अण्णांचा निग्रह दुबळा होता असे कोणी म्हणाले, तर ते मला मान्य नाही. तीन वर्षे जो टिकला तो दुबळा नव्हे. मृत्यू, लग्न, रात्रीचा प्रवास, जुन्या मित्रांची बैठक अशा प्रसंगी काय म्हणावयाचे, हे त्यांनी आधी कधी ठरवून ठेवले नव्हते, आणि ठरवावे असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. ‘मी ओढत नाही’ हे तीन शब्द, कारण न देता, हसत किंवा रडत, पण उच्चारता येणे, याची तयारी आगाऊ करावी लागते. आणि सोबत्यांचेही एक कर्तव्य आहे, ज्याचा उच्चार आपल्या समाजात फारसा होत नाही: सोडलेल्याच्या हातात पुन्हा देऊ नये, ‘एकाने काय होतंय’ म्हणून त्याची परीक्षा पाहू नये, आणि त्याच्यासमोर शिलगावण्यापूर्वी चार पावले दूर जावे.

आता, एक ओढली गेलीच तर? तेथे दुसरे संकट उभे राहते, आणि माझ्या मते ते पहिल्याहून घातक आहे; कारण नेम मोडला आता सगळेच गेले, या विषादाने मनुष्य उरलेले पाकीट संपवतो. एकादशीला चुकून दाणा पोटात गेला म्हणून कोणी जन्माचा उपास सोडत नाही. पाकीट त्याच घडीला टाकावे, घरातील एका तरी माणसाला घडले ते सांगावे आणि मुदतीवाचूनचा नेम तेथूनच पुढे चालवावा. मात्र सिगारेट सुटली म्हणून तळहातावर तंबाखू-चुना मळू लागणे, ही सुटका नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करणारे आढळले, आणि धूम्रपान करणारे मात्र एकूण प्रौढांच्या अवघे ३.८ टक्के होते. तेव्हा ही पळवाट आपल्याकडे किती रुंद आहे, ते उघड आहे.

‘आता या वयात सोडून काय मिळणार’ ही परवानगीची आणखी एक सबब. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह दाखवून देणारे आणि त्या शोधाच्या ओघात स्वतः सिगारेट सोडणारे रिचर्ड डॉल, यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. आजन्म धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे दहा वर्षांनी घटते, परंतु साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ दहाही वर्षे परत मिळतात, असा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. साठीच्या माणसाला तीन वर्षे म्हणजे नातवंडाचे शाळेत जाणे आहे.

मदतही आहे, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनची चघळण्याची गोळी (च्युइंग गम) औषधाच्या दुकानात मिळते. ती एकसारखी चघळत राहावयाची नसून, जिभेला चुरचुर लागताच गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावयाची असते, हे न सांगितल्यामुळे पुष्कळजण दोन दिवसांत ती टाकून देतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधेही आहेत. २०१६ पासून १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत-क्रमांक विनामूल्य चालू आहे आणि पाकिटांवर तो छापलेला असतो.

परंतु पिठोरीनंतरच्या सकाळी पाकीट कोण घेतो? सोडलेला मनुष्य पाकीट कधीच मागत नाही, तो एक मागतो. टपरीवाला फोडलेल्या पाकिटातून एक काढून देतो, खांबाला टांगलेल्या लायटरवर ती पेटते, आणि पाकिटाच्या पुढच्या-मागच्या बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा तो भयंकर चित्रासह छापलेला इशारा व त्यातला तो क्रमांक, ज्याला त्या क्षणी सर्वांत अधिक हवा होता त्याच्याच दृष्टीस पडत नाही. सुट्या सिगारेटी व बिड्या विकण्यास महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच बंदी घातली आहे, आणि सुट्या मालावर इशारा नसतो हेच तिचे कारण होते. कायदा योग्य आहे, कारण योग्य आहे. तरीही शाळेच्या कोपऱ्यापासून कचेरीच्या फाटकापर्यंत सुटी सिगारेट राजरोस मिळते. ज्यांच्याकडे या बंदीची अंमलबजावणी सोपवलेली आहे त्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, निदान भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, सकाळी सात ते दहा या वेळात आपापल्या हद्दीतील टपऱ्यांची तपासणी करावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.