ओसरीला पाखे एकच बरे

वळवाचा वारा सुटायच्या आत पत्र्याच्या ओसरीवर दगड चढवायचे, ही आपली जुनी खोड. शेतकरी बंधूंनो, तेच दगड खाली निजलेल्या माणसाच्या डोक्यात पडतात. ओसरी तीन बाजूंनी उघडी. वारा आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढून वर आले, तेव्हा आपण ते पाहिलेच आहे.

नवी ओसरी काढायची तर एकपाखी की दुपाखी? आमचे मत एकपाखीकडे. दुपाखीला आढे आले, कैच्या आल्या, खर्च वाढला. शिवाय तिचे छप्पर घराच्या छपराला मिळते तो सांधा हमखास गळतो. दिसायला ऐटबाज, एवढे खरे! एकपाखीला भिंतीकडे उंची, अंगणाकडे उतार. पाथर्डी-शेवगावला उतार कमी असला तरी भागते. भंडारदरा-रतनवाडीकडे मात्र चांगला हवा.

खरी मेख जोडात आहे. खांब फरशीवर टेकवू नका, काँक्रीटमध्ये गाडा. वासा खांबाला तारेने बांधू नका, नट-बोल्टने आवळा. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर, वॉशर घालून, कडेला जवळजवळ.

पाणीही एकाच पन्हळीत येते. १० बाय २० फुटांच्या पाख्यावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९ हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्यांनी याचा हिशेब करावा.

आणि ग्रामपंचायतींनी मे महिन्याआधी शाळा-अंगणवाडीच्या पत्र्यांवरचे दगड उतरवून तिथे हुक ठोकून घ्यावेत.