साग, चंदन आणि धोक्याची यादी
आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत २०२२ पासून साग ‘संकटग्रस्त’ आहे. चंदन मात्र एक पायरी कमी धोक्याच्या, ‘असुरक्षित’ वर्गात. बुलढाण्याच्या वाचकास हे उफराटे वाटेल. ज्ञानगंगा अभयारण्यात साग डोळ्यांत भरतो, तर चंदनाचे जून झाड चोरट्यांच्या करवतीतून क्वचितच वाचते. परंतु संघाने मोजला तो निसर्गतः वाढणारा साग, लागवडीचा नव्हे. रोपवनांनी इमारती लाकडाची गरज भागेल. जुन्या रानातील वाणांची विविधता त्यांतून परत यावयाची नाही. चंदनाचे दुखणे निराळे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतात आणि सुगंधी गाभा धरण्यास कित्येक वर्षे लागतात. त्याला पहारा हवा, तसाच बांधावरचा झाडोराही हवा. पहाऱ्याचाच विचार तेवढा होतो. वनखात्याने लागवडीचे आकडे सांगताना नैसर्गिक साग व चंदन यांची जिल्हावार गणती स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावी.