सायकलीची हाडे

लोखंड सोडून सायकलीची हाडे अ‍ॅल्युमिनियमची आणि कार्बनची झाली, तेव्हापासून आमच्या अंबरनाथच्या तरुणांची झोप उडाली आहे. हलकेपणात कार्बन सरस, यात शंका नाही. पाण्याच्या मानाने अ‍ॅल्युमिनियम २.७ पट जड, तर कार्बन सुमारे १.६ पटच. पण हा कार्बन म्हणजे राळेत बसवलेले धाग्यांचे थर. बदलापूरच्या वाटेवर सायकल जोरात आपटली, तर आतले थर सुटू शकतात आणि वरचा रंग मात्र हसतच राहतो! अ‍ॅल्युमिनियमला निदान पोचा दिसतो. माझा पुतण्या रोज सायकलीने उल्हासनगरला कामावर जातो. त्याला मी अ‍ॅल्युमिनियमच घ्यायला लावले, आणि उरल्या पैशांत चांगले टायर. शर्यतवीरांनी कार्बन खुशाल घ्यावा. आमच्या वहिनींना सायकलीच्या वजनाशी कर्तव्य नाही; पोरगा वेळेवर धडधाकट घरी आला, की झाले.