पाकशास्त्र नव्हे, पोषणशास्त्र

“स्वयंपाक शिकण्यास एम्. एस्सी. कशाला?” अन्न व पोषणशास्त्र घेऊन पदव्युत्तर अभ्यास करण्याचा मानस एखाद्या मुलीने बोलून दाखविला, की आपल्या अकोल्यातील घरांत हा प्रश्न हटकून निघतो. मुलाने दाखविला, तर प्रश्नाबरोबर हसूही निघते. म्हणून त्याचे उत्तर देणे अगत्याचे वाटते.

आजीच्या कळण्याच्या भाकरीचेच उदाहरण घ्या. ज्वारीत उडीद मिसळून दळावे, हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचे आवश्यक द्रव्य तोकडे असते; उडदात ते पुष्कळ असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आजीस अनुभव होता, कारण ठाऊक नव्हते. कारण कळले, म्हणजे उडीद न मिळाल्यास तूर चालेल की मूग, आजाऱ्यास काय द्यावे, तान्ह्याच्या आईस काय द्यावे, हे सांगता येते. अनुभव एका घरास पुरतो. शास्त्र दहा गावांस पुरते. त्याकरिताच जीवरसायन, शरीरक्रिया व आहारचिकित्सा यांचा अभ्यास करावयाचा असतो.

हा मार्ग आपल्या मराठी मुलीने पूर्वीच चोखाळला आहे. दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला सोहोनी यांस १९३३ साली केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी हट्ट सोडला नाही. प्रवेश मिळवून दूध व डाळी यांतील प्रथिनांचे संशोधन केले, १९३६ साली एम्. एस्सी. ही पदवी घेतली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच्. डी. संपादन केली. पुढे कुपोषितांच्या आहारात नीरेचा काय उपयोग होतो, याचा त्यांनी शोध घेतला. याला कोणी नुसता स्वयंपाक म्हणेल काय?

पीक कसे वाढावे, हे शिकविण्यास १९६९ साली अकोल्यात कृषि विद्यापीठ स्थापन झाले. तेथे शिकणाऱ्यास आज कोणी हसत नाही. मग तेच धान्य पोटात गेल्यावर त्याचे रक्तमांस कसे होते, हे शिकणारा हास्यास्पद का ठरावा? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात १९९३ साली कुपोषणाने बालके दगावल्याची वार्ता सर्वत्र पसरली. तो प्रश्न अद्यापि पुरता मिटलेला नाही. दारिद्र्य व औषधोपचारांचा अभाव ही त्याची मोठी कारणे होत, आणि एकट्या पदवीने ती दूर होणार नाहीत, हे खरे. परंतु हाताशी असलेल्या मूठभर धान्यातून बालकास अधिक बळ कसे द्यावे, हे जाणणारा मनुष्य त्या मातेच्या चुलीपाशी हवाच.

विद्यार्थिमित्रहो, ही पदवी अवश्य घ्या. मात्र ती घेऊन त्या चुलीकडे पाठ फिरवू नका. आणि पालकहो, मुलाने वा मुलीने हा विषय काढला, तर हसण्यापूर्वी आपल्या ताटाकडे एकवार पाहा.