एकाच तारखेला दोन मुलाखती

मे-जून महिना आला की पीएच.डी.च्या मुलाखतींची पत्रे येऊ लागतात. मी सोलापुरात शिकवतो. दरवर्षी या दिवसांत काही विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात, "सर, पुणे आणि हैदराबाद एकाच दिवशी आलंय. कुठे जाऊ?" सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडे वर. दोन्हीकडे रात्रीतून पोहोचता येते, पण एका सकाळी दोन्हीकडे हजर राहता येत नाही.

हा प्रश्न घरी कसा सुटतो, ते मी अनेक वर्षे पाहतो आहे. मुलगा असेल तर जिथे मामू किंवा चाचांचे घर आहे ते शहर ठरते, कारण लॉजचा खर्च वाचतो. मुलगी असेल तर सोबत कोण जाणार यावर सगळे अडते. अब्बांना दुकान बंद ठेवता येत नाही, भाईजानला सुट्टी मिळत नाही. मग जे शहर जवळ ते ठरते, कधी कधी दोन्ही राहून जातात. पुढची पाच वर्षे कोणाच्या हाताखाली काम करायचे, पैसे कुठून येणार, हे प्रश्न घरात कोणी काढतच नाही. माझी तक्रार याच पद्धतीबद्दल आहे.

आधी पैशाचे बोलू. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर ४२,०००. आयआयटी आणि आयसरसारख्या केंद्राच्या संस्थांमध्येही संशोधकांना साधारण याच दराने फेलोशिप असते. केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेट फेलोशिप महिना ८,००० आहे. राज्य विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या केंद्रावर कित्येकांना काहीच मिळत नाही. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. जेआरएफ हुकलेल्या आपल्या मुलांना तिचा मोठा आधार होता. आता तो नाही, त्यामुळे कोणत्या मुलाखतीला जायचे याचा निर्णय पूर्वीपेक्षा जास्त महागाचा झाला आहे. चुकीच्या दारात गेलेली मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्लासेसवर शिकवू लागतात आणि प्रबंध मागे पडतो. मुलगी असेल तर तोवर लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

आता संस्थांकडे पाहू. आयआयटीच्या एम.टेक. प्रवेशासाठी एक सामायिक पोर्टल आहे. वेगवेगळ्या आयआयटींचे प्रस्ताव तिथे एकत्र दिसतात आणि विद्यार्थी शांतपणे निवड करतो. पीएच.डी.च्या मुलाखतींसाठी असे काही नाही. भौतिकशास्त्रात जेस्ट ही अनेक संस्थांची एकच परीक्षा आहे, पण ती झाल्यावर प्रत्येक संस्था आपली मुलाखत आपल्या तारखेला घेते. २०२४ पासून विद्यापीठांना पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण वापरता येतात. तिथे जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो, बाकीच्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. म्हणजे मुलाखतीचे वजन वाढले, पण तारखांचा ताळमेळ कोणी घातला नाही.

अमेरिकेत तिथल्या अनेक विद्यापीठांनी एक करार मान्य केला आहे. आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. तिथेही भेटीच्या तारखा एकमेकांवर येतात, पण निदान उत्तर देण्याची घाई नसते. आपल्याकडे अनेकदा एका ठिकाणची फी भरायची शेवटची तारीख दुसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीच्या आधी येते.

तरीही तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. २०२४ ची नेट परीक्षा आधी १६ जूनला होती. त्याच दिवशी यूपीएससीची पूर्वपरीक्षा आली. उमेदवारांनी म्हणणे मांडले आणि नेट १८ जूनला गेली. ती परीक्षा पुढे रद्द झाली, तो वेगळा विषय. देशभरातल्या लाखो मुलांची परीक्षा दोन दिवस पुढे सरकू शकते, तर एका विभागातली वीस मिनिटांची मुलाखत का सरकू नये? २०२० आणि २०२१ मध्ये याच संस्थांनी ऑनलाइन मुलाखती घेतल्याच होत्या.

पण आपली मुले विचारत नाहीत. विचारले तर नाव खराब होईल, उद्धट समजतील, अशी भीती असते. घरात पहिल्यांदाच कोणी एवढे शिकत असेल तर कार्यालयाला पत्र लिहून काही मागायची सवयच नसते. म्हणून मी सांगतो, पत्र आले त्याच दिवशी दोन्हीकडे ई-मेल करा. अर्ज क्रमांक लिहा, दुसऱ्या संस्थेचे मुलाखतपत्र जोडा, आपल्याला चालतील अशा दोन तारखा द्या आणि ते जमत नसेल तर ऑनलाइन मुलाखत मागा. चार ओळी पुरतात. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर विभागाच्या कार्यालयात फोन करा. नकार आला तर तुम्ही होतात तिथेच आहात.

दोन्हीकडून नकार आला तर मग निवडावे लागेल. माझा क्रम असा आहे. पहिले, फेलोशिप किती, किती वर्षे आणि दर महिन्याला वेळेवर येते का. दुसरे, ज्या विषयात काम करायचे त्याचे मार्गदर्शक तिथे आहेत का आणि त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का. तिसरे, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत पीएच.डी. पूर्ण केली. चौथे, हॉस्टेल नक्की मिळते का. हा चौथा प्रश्न सोयीचा वाटेल, पण मुस्लिम नाव सांगितल्यावर भाड्याची खोली मिळवताना काय ऐकावे लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. यातल्या बऱ्याच गोष्टी वेबसाइटवर नसतात. तिथे शिकणाऱ्या दोन मुलांना फोन करा, मार्गदर्शक समोर नसताना बोला. अंतर आणि नातेवाइकांचे घर या यादीत पाचव्या क्रमांकावर ठेवा.

मुलींच्या सोबतीचा प्रश्न मी टाळणार नाही. आई-वडिलांची काळजी खोटी नसते आणि मेहरमचा मुद्दा अनेक घरांत श्रद्धेने मानला जातो. पण त्याच श्रद्धेच्या चौकटीत वाट निघालेली आपण पाहिली आहे. २०१८ पासून भारतातून ४५ वर्षांवरच्या स्त्रिया चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. तिथे वयाची अट आहे, हे मला मान्य. पण विश्वासाच्या स्त्रियांची सोबत हा विचार आपल्याला परका नाही. एकाच विभागातून दोन-तीन मुली मुलाखतीला जात असतील तर त्यांनी एकत्र तिकिटे काढावीत. एखादी खाला किंवा कॉलेजातल्या मॅडम सोबत जाऊ शकतात. घरात इस्तिखारा करायचा असेल तर जरूर करावा, पण त्याआधी वरचे चार प्रश्न विचारून झालेले असावेत. मशवरा आधी घ्यावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

जमातीच्या ट्रस्टना आणि तंजीमांनाही एक सांगणे आहे. फीसाठी मदत करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात. मुलाखतीला जाण्याच्या भाड्यासाठी मात्र क्वचितच कोणी पैसे ठेवते. दोन माणसांचे स्लीपरचे जाणे-येणे आणि एका रात्रीची खोली, एवढ्याच खर्चापायी काही मुली घरी थांबतात. एका सत्कार समारंभाच्या मंडपाच्या खर्चात अशा कित्येक मुलाखती होतील. यंदाचे सत्कार ठरवायला कमिटी बसेल, तेव्हा हा विषय कोणीतरी काढावा.