उजेड कुणासाठी? काजवा, डोळा आणि आपली रूपके

मराठीच्या वर्गात काजवा येतो तो बहुतेक वेळा पडत्या बाजूने. सूर्यापुढे काजवा, महाकवीपुढे यमके जुळवणारा. संस्कृत सुभाषितांपासून चालत आलेली ही तुलना इतकी अंगवळणी पडली आहे की ‘खद्योत’ हा शब्द फळ्यावर आला की विद्यार्थी वहीत ‘क्षुद्र, अल्पतेज’ असे लिहून मोकळा होतो. शब्दाची घडण मात्र वेगळेच सांगते. ‘ख’ म्हणजे आकाश. त्यात द्योतणारा, चमकणारा तो खद्योत. प्राकृतातल्या ‘खज्जोअ’वरून आपला काजवा आला. आणि संस्कृत कोशांत ‘खद्योत’चा आणखी एक अर्थ दिलेला आहे, तो म्हणजे ‘सूर्य’! ज्या दोघांना आपण तराजूच्या दोन पारड्यांत बसवतो, ते कोशकारांच्या लेखी एकाच नावाचे धनी आहेत.

आमची तक्रार शब्दकोशापुरती नाही. सूर्य आणि काजवा यांना एकाच मापाने मोजणे मुळातच गैर आहे, असे आमचे म्हणणे आहे. सूर्याचा उजेड वस्तू दाखवतो. तो कुणाला उद्देशून नसतो. काजव्याचा उजेड काहीही दाखवण्यासाठी नसतो, तो कुणाला तरी उद्देशून असतो. पहिल्याला कोणताही डोळा चालतो, दुसऱ्याला विशिष्ट डोळाच लागतो. प्राणिसृष्टीत उजेड आणि डोळा यांचा जो इतिहास गेल्या काही दशकांत उलगडला आहे, तो साहित्याच्या अभ्यासकाने वाचायला हवा तो याचसाठी.

आधी डोळ्याकडे पाहू. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात डोळ्याचा प्रश्न टाळला नाही. इतके नाजूक इंद्रिय नैसर्गिक निवडीने घडले असेल हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते, हे मान्य करून त्याने पायऱ्या दाखवल्या: उजेड-अंधार एवढेच ओळखणारा ठिपका, मग खळगा, मग भिंग. १९९४ साली निल्सन आणि पेल्गर या दोघांनी या पायऱ्यांचे गणित मांडले. सपाट संवेदनशील पेशीसमूहापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोचायला चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात, असा त्यांचा हिशेब. भूशास्त्रीय काळाच्या दृष्टीने हा निमिषच. डोळा एकदाच घडला असेही नाही; निरनिराळ्या प्राणिवंशांत तो डझनावारी वेळा स्वतंत्रपणे घडला. सुमारे बावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायलोबाइटांच्या जीवाश्मांत संयुक्त डोळे स्पष्ट दिसतात. अँड्र्यू पार्कर यांनी तर २००३ साली असे प्रतिपादन केले की डोळा आला म्हणूनच भक्ष्य-भक्षकांची स्पर्धा पेटली आणि कँब्रियन काळात प्राणिरूपांचा तो प्रसिद्ध स्फोट झाला. हे मत सर्वांना मान्य नाही. पण पाहिले जाणे ही घटना जगण्याचे नियम बदलून टाकते, हे त्यातले मर्म नाकारता येत नाही.

आता उजेडाची बाजू. जिवंत शरीरातून उजेड निर्माण करण्याची विद्या सजीवांत नव्वदहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली असावी, असा आजचा अंदाज आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने प्राण्यांतील या विद्येचा उगम सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वीच्या अष्टभुज प्रवाळांपर्यंत मागे नेला. म्हणजे ट्रायलोबाइटांच्या ज्ञात डोळ्यांच्याही आधी! पण प्रकाश जाणणारी प्रथिने प्राणिवंशात त्याहूनही जुनी मानली जातात. वस्तूचे रूप टिपणारा डोळा नसेल, उजेडाची चाहूल मात्र होती. आरंभीचा हा उजेड कदाचित दुसऱ्याच एखाद्या रासायनिक कामाचे उपफळ असावा, असाही एक तर्क आहे. ध्वनी आधी, अर्थ नंतर. भाषेच्या विद्यार्थ्याला हा क्रम अपरिचित नाही.

काजव्याची कथा याहून सरस आहे. काजवा ही माशी नव्हे, भुंगेरा. त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. पोटाच्या टोकाशी लुसिफेरिन नावाचे द्रव्य, लुसिफरेज हे विकर, प्राणवायू आणि पेशीची ऊर्जा एकत्र येतात आणि जवळजवळ थंड असा उजेड पडतो. हे लुसिफरेज आकाशातून पडलेले नाही. स्निग्धाम्लांवर काम करणाऱ्या एका सामान्य विकराच्या कुळातले ते आहे. जुन्या जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि ती नव्या कामाला लागली. काजव्यांच्या अळ्याही चमकतात, आणि अळीला प्रियाराधनाचे काय काम? ‘मी कडवट आहे, मला खाऊ नका’ असा तो भक्षकाला इशारा असतो. अभ्यासकांच्या मते इशाऱ्याचा अर्थ आधीचा, आणि जोडीदाराला साद हा अर्थ पुढचा. एकच चिन्ह, आधी ‘दूर राहा’ म्हणणारे, मग ‘ये’ म्हणणारे! भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थांतराची उदाहरणे देताना आपण याहून चांगले उदाहरण कुठून आणणार?

साद आली की वाचक आला. अमेरिकेतील काजव्यांवरचा एक अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. सांजवेळी उडणाऱ्या जातींचा उजेड पिवळसर, गडद रात्री उडणाऱ्यांचा हिरवट, आणि ज्या त्या जातीचा डोळा ज्या त्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील, असे त्यात दिसून आले. संध्याकाळी पानापानांतून हिरवा उजेडच परत येत असतो. त्यात पिवळा उठून दिसतो. नराच्या लुकलुकण्याला लय असते, मादीच्या उत्तराला ठरावीक विलंब असतो. लय चुकली की संवाद तुटतो. छंदशास्त्राच्या अध्यापकांनी याची नोंद घ्यावी. आणि जिथे संकेत आहे तिथे फसवणूकही आहे. जेम्स लॉइड यांनी १९६५ साली दाखवले की तिकडच्या फोट्यूरिस काजव्यांच्या माद्या परजातीच्या मादीचे उत्तर हुबेहूब देतात, आणि आलेल्या नराला खाऊन टाकतात.

आपल्या भाषेने डोळ्याविषयी काय साठवून ठेवले आहे, तेही याच उजेडात पाहावे. आपण ‘नजर टाकतो’, कुणाची ‘नजर लागते’, मग ‘दृष्ट काढतो’. दृष्टी डोळ्यातून बाहेर जाते, असे ही भाषा गृहीत धरते. न्यायदर्शनाचाही हाच सिद्धांत होता: डोळा तैजस आहे, त्याचा किरण बाहेर पडून पदार्थाला भिडतो. पुरावा म्हणून निशाचर प्राण्यांच्या चमकत्या डोळ्यांचा दाखला न्यायसूत्रांत येतो. ती चमक पटलामागच्या थराने परतवलेल्या उजेडाची असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरी खोल समुद्रातला मॅलॅकोस्टियस नावाचा मासा नैयायिकांची आठवण करून देतो. डोळ्याखालच्या ग्रंथीतून तो तांबडा उजेड टाकतो आणि त्याच उजेडात भक्ष्य पाहतो. आसपासच्या बहुतेक जिवांना तो रंग दिसतच नाही.

याउलट ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’. मार बसला की पटलावर दाब येतो आणि बाहेर उजेड नसताना उजेड दिसतो. उजेडाविना डोळा काय करतो, याची ही अचूक नोंद आपल्या वाक्प्रचाराने केव्हाच करून ठेवली आहे. डोळ्याविना उजेड पाहायचा तर पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडांवर चमकणारी बुरशी आहे. तिला स्वतःला डोळा नाही. पण ब्राझीलमधल्या तशाच एका बुरशीवरच्या प्रयोगांत तो उजेड कीटकांना ओढून घेतो असे २०१५ साली आढळले. स्वतःला दिसो न दिसो, कुणाच्या तरी डोळ्यात तो उजेड पोचतो.

हे सारे कुळगावात बसून लिहिण्याला कारण आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर उल्हास नदीच्या दोन्ही अंगांना वसाहती पसरतच आहेत. त्यांच्याबरोबर पांढरा, रात्रभर जळणारा उजेड बारवीच्या जंगलपट्ट्याकडे सरकतो आहे. २०२० साली जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मते एकत्र करण्यात आली, तेव्हा अधिवासाचा नाश हे पहिले संकट ठरले आणि रात्रीचा कृत्रिम उजेड हे दुसरे. दिव्यांच्या झोतात काही जातींचे काजवे चमकणे कमी करतात. काहींत नर चमकत राहतात, माद्या उत्तर देत नाहीत. उजेड विझलेला नसतो, तो वाचला जात नाही, एवढेच. पण वंश खुंटायला तेवढे पुरते.

ज्यांना अजून अंधार शिल्लक आहे अशी गावे आता पर्यटनस्थळे झाली आहेत. मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची येथे हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे लुकलुकतात आणि शहरातून माणसांच्या रांगा लागतात. गाड्यांचे दिवे, मोबाइलचे झोत, पालापाचोळ्यावर पडणारी पावले. आणि त्याच पाचोळ्यात अळ्यांचे आयुष्य गेलेले असते. त्या गावांना उत्पन्न मिळावे, यात दुमत नाही. मात्र जो संवाद ऐकायला आपण जातो, तो आपल्याच दिव्याने तोडावा, हा रसिकपणा नव्हे.

अंधार म्हणजे अज्ञान आणि उजेड म्हणजे ज्ञान हे रूपक आपल्या परंपरेत खोल रुजलेले आहे. ते उपटून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरे रूपक ठेवावे, एवढीच सूचना आहे. अंधार ही काजव्याच्या भाषेची अट आहे, जशी शांतता ही कवितेची. लहान भाषेत, लहान नियतकालिकात, मोजक्यांसाठी लिहिणाऱ्याला सूर्याच्या मापाने मोजू नये. त्याची लय ओळखणारा डोळा जवळपास आहे का, हे विचारावे. मराठीच्या अध्यापकांनी पुढच्या जूनमध्ये ‘खद्योत’ शिकवण्याआधी वर्गाला एक प्रश्न जरूर विचारावा: काजवा कुणी पाहिला आहे? हात कमी वर आले, तर कोशातला अर्थ सांगून भागणार नाही. बारवीच्या रस्त्यावरचे दिवे खाली वळवावेत, झाकावेत, मध्यरात्रीनंतर मंद करावेत, असा एक अर्ज नगरपरिषदेकडे त्याच विद्यार्थ्यांच्या सह्यांनी जायला हवा. तोही मराठीचाच स्वाध्याय आहे.